सर्जिकल, कीड, कॅन्सर: दहशतवादावर बोलताना येणारे आजारपणाचे शब्द

ऐरोलीकर: सर्जिकल स्ट्राइकला मराठीत काय लिहायचं? मुलाच्या निबंधात 'शस्त्रक्रियात्मक हल्ला' आलंय, वाचतानाच अडखळायला होतं.

नौपाडा: ताई ते नकोच, 'अचूक हल्ला' लिहा, आजूबाजूला धक्का न लावता नेमकं तेवढंच टिपणं हा अर्थ आहे. पण २०१६ पासून मूळ शब्दच इतका रुळलाय, आता फेरीवाले उठवले तरी बातमीत सर्जिकल स्ट्राइक.

कळवेकर: मी लॅबमध्ये कामाला आहे म्हणून मला हे शब्द जास्त टोचतात. कीड, कॅन्सर, ऑपरेशन, मुळासकट उपटा, सगळे इलाजाचे शब्द, 'निदान' कुणाच्या तोंडी नाही. टीबीचा संशय आला की आम्ही सकाळची, खोल खोकून काढलेली थुंकी मागतो, बरेच जण नुसती लाळ आणतात, परत पाठवलं की घरचे चिडतात, द्या ना एकदाचं औषध. पण जंतू कुठल्या औषधाला दाद देत नाही हे न बघता गोळ्या सुरू केल्या तर आजार हाताबाहेर जातो. तपासाचं तेच आहे. ११ जुलै २००६ ला मुंबईच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले, त्यातला एक आपल्या ठाणे जिल्ह्यात मीरा रोडला. २१ जुलै २०२५ ला हायकोर्टाने खालच्या कोर्टात दोषी ठरलेल्या बाराही जणांना निर्दोष ठरवलं, सरकार सुप्रीम कोर्टात गेलंय. हायकोर्टाचं बरोबर असेल तर १९ वर्षं दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, आणि ज्यांची माणसं गेली त्यांनी कुणाकडे बघायचं?

मुंब्रावासी: कॅन्सर शब्द तर बंदच करा. कॅन्सर म्हटलं की तो अवयव कापायचा विचार आधी येतो, आणि अवयव म्हणजे आमची वस्ती. भाड्याने घर बघायला गेलो, पत्ता सांगितला की मालकाचा आवाजच बदलतो.

ऐरोलीकर: पटलं दादा. स्लीपर सेलला 'सुप्त गट' चालेल का, सुप्त टीबी म्हणतात तसं?

कळवेकर: नाही जुळत. सुप्त टीबीवाल्या बहुतेकांना आजार कधी होतच नाही, जंतू अंगात दबलेला राहतो. स्लीपर सेलची माणसं ठरवून, हुकमाची वाट बघत गप्प असतात. 'दबा धरून बसलेली टोळी' लिहा.