मदत हवी आहे: वेबपॅक ५ आणि हँडलबार्स-लोडर, बिल्ड होतं पण माझा हेल्पर ब्राउझरमध्ये चालत नाही

नमस्कार. तीन संध्याकाळी यातच गेल्या. आता एकटीने पुढे सरकता येत नाही, म्हणून हा धागा काढते आहे. संदेश आणि पर्यायांची नावं देवनागरीत लिहिली आहेत, ओळखू येतील अशी आशा.

माझ्याकडे एक जुना प्रकल्प आला आहे. त्यात हँडलबार्सची (डेटा भरून एचटीएमएल बनवणारी लायब्ररी) टेम्पलेट्स, म्हणजे एचटीएमएलचे साचे, पानातच स्क्रिप्ट टॅगमध्ये होती आणि पान उघडलं की ब्राउझर ती कंपाइल करायचा. मग सर्व्हरवर कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी (पानावर कोणता कोड चालू द्यायचा याचे नियम) कडक झाली आणि 'अनसेफ-इव्हॅल', म्हणजे मजकुरातून कोड बनवून चालवायची परवानगी, बंद केली गेली. हँडलबार्स कंपाइल करताना मजकुरातून फंक्शन तयार करतं, त्यामुळे सगळंच थांबलं. टेम्पलेट्स आधीच कंपाइल करून पाठवायची एवढाच मार्ग दिसला. म्हणून ती वेगळ्या डॉट-एचबीएस फाइलींत काढली, वेबपॅक ५ (फाइली एकत्र बांधून ब्राउझरसाठी बिल्ड करणारं साधन) घेतलं आणि मॉड्यूल-रूल्समध्ये एक नियम लिहिला: डॉट-एचबीएसने संपणारी फाइल आली की हँडलबार्स-लोडरकडे द्यायची. हँडलबार्स ४.७ आहे.

साधी टेम्पलेट्स पहिल्याच फटक्यात चालली. फाइल इम्पोर्ट केली की फंक्शन हातात येतं, त्याला डेटा दिला की एचटीएमएल मिळतं. 'ईच' आणि 'इफ' हे तयार हेल्पर (टेम्पलेटमधून बोलावता येणारी फंक्शनं) व्यवस्थित चालतात. अडलंय ते माझ्या स्वतःच्या हेल्परपाशी. 'फॉरमॅटडेट' नावाचा छोटा हेल्पर आहे, तो मी मुख्य फाइलमध्ये हँडलबार्स इम्पोर्ट करून रजिस्टर-हेल्परने नोंदवते. जुन्या प्रकल्पात हाच कोड वर्षानुवर्षं चालत होता.

आधी बिल्डच पडलं: 'यू स्पेसिफाइड नोनहेल्पर्सओन्ली, बट यूज्ड द अननोन हेल्पर फॉरमॅटडेट', म्हणजे फक्त ओळखीचे ('नोन') हेल्पर चालतील असं ठरवलंय आणि हा अनोळखी आहे. हा पर्याय मी कुठेही लिहिलेला नाही! शोधल्यावर लोडरचा 'नोनहेल्पर्स' हा पर्याय सापडला. त्यात हेल्परचं नाव घातलं आणि बिल्ड हिरवं झालं. पण ब्राउझरमध्ये आता हे येतं: 'टाइपएरर: कॅनॉट रीड प्रॉपर्टीज ऑफ अनडिफाइन्ड, रीडिंग कॉल'. त्यात हेल्परचं नाव नाही की टेम्पलेटचं नाही. टेम्पलेटमधून हेल्परची ओळ काढली की चूक जाते, म्हणून कारण तोच आहे हे नक्की.

नोंदणीची ओळ सगळ्या इम्पोर्टच्या वर नेऊन पाहिली. नोड-मॉड्यूल्स पुसून पुन्हा इन्स्टॉल केलं. कॅशे बंद करून पाहिली. काहीच फरक नाही. नोंदणीनंतर लगेच हँडलबार्स-डॉट-हेल्पर्स कन्सोलवर छापलं, तर त्यात माझा हेल्पर दिसतो! मग टेम्पलेटला का दिसत नाही?

प्रतिसाद १

मुख्य फाइलमध्ये इम्पोर्ट नेमकं कशाचं करता? नुसत्या 'हँडलबार्स'चं, की 'हँडलबार्स/रनटाइम'चं (कंपायलर नसलेला, फक्त कंपाइल झालेली टेम्पलेट्स चालवणारा भाग)? आणि 'एनपीएम एलएस हँडलबार्स' चालवून किती प्रती दिसतात तेही सांगा.

धागाकर्ती

नुसतं 'हँडलबार्स'. प्रत एकच आहे, ४.७ची.

प्रतिसाद २

मग गाठ इथेच आहे. याच खड्ड्यात मीही पडलो होतो, म्हणून सविस्तर लिहितो.

लोडर तुमची डॉट-एचबीएस फाइल बिल्डच्या वेळीच कंपाइल करतो. त्यातून जे मॉड्यूल तयार होतं त्याच्या पहिल्या ओळीत 'हँडलबार्स/रनटाइम' रिक्वायर केलेलं असतं, पूर्ण हँडलबार्स नव्हे. बिल्ड होऊन तयार झालेली डिस्ट फोल्डरमधली फाइल उघडून बघा, स्वच्छ दिसेल. आता पूर्ण हँडलबार्स लोड होतं तेव्हा ते रनटाइमपासून स्वतःचा वेगळा इन्स्टन्स (हँडलबार्सचा चालू ऑब्जेक्ट) बनवतं आणि त्याची हेल्परची यादीही वेगळी असते. पॅकेजची प्रत एक असली तरी इन्स्टन्स दोन. तुम्ही नोंद केली एका वहीत आणि टेम्पलेट वाचतंय दुसरी. कन्सोलवर तुम्ही छापलीत ती पहिली वही, म्हणून हेल्पर दिसला. 'ईच' आणि 'इफ' दोन्ही इन्स्टन्समध्ये जन्मापासून असतात, म्हणून ते चालले आणि तुमचा नाही.

'कॉल'वाली चूक येते ती नोनहेल्पर्समुळे. एरवी हँडलबार्स हेल्पर शोधतं, नाही मिळाला तर डेटात बघतं, तिथेही नाही मिळालं तर 'मिसिंग हेल्पर' असं नावासकट सांगतं. नोनहेल्पर्समध्ये नाव घातलंत म्हणजे तुम्ही कंपायलरला शब्द दिलात की हा हेल्पर असणारच. मग तो तपासणी गाळून थेट कॉल करतो, समोर अनडिफाइन्ड असतं आणि असा मुका संदेश मिळतो. नोनहेल्पर्सओन्ली तुम्ही लिहिलेलं नाही हे खरंच आहे. लोडर टेम्पलेट एकाहून जास्त वेळा कंपाइल करतो: आधी कोणते हेल्पर आणि पार्शल (टेम्पलेटमध्ये घातलेली छोटी टेम्पलेट्स) लागतात ते गोळा करतो, आणि पुढच्या फेरीत हा पर्याय स्वतःच लावतो.

इम्पोर्ट वर-खाली हलवून फरक पडणार नव्हता, कारण इम्पोर्ट कुठेही लिहा, ते बाकीच्या कोडच्या आधीच चालतात. शिवाय हेल्पर लागतो तो टेम्पलेट रेंडर होताना, इम्पोर्ट होताना नव्हे.

सर्वांत छोटी दुरुस्ती म्हणजे नोंदणीच्या फाइलमध्ये 'हँडलबार्स'च्या जागी 'हँडलबार्स/रनटाइम' इम्पोर्ट करा. पण मी स्वतः दुसरा मार्ग धरतो. एक फाइल करा, तीत रनटाइम इम्पोर्ट करा, सगळे हेल्पर नोंदवा आणि तेच रनटाइम डिफॉल्ट एक्सपोर्ट करा. मग लोडरच्या 'रनटाइम' पर्यायात त्या फाइलचा पूर्ण पाथ द्या. आता प्रत्येक टेम्पलेट त्या फाइलमधूनच रनटाइम घेईल, त्यामुळे हेल्पर नोंदवायच्या आधीच कुणी टेम्पलेट रेंडर केलं, असं होऊच शकत नाही. पुढे कधी पॅकेजच्या दोन प्रती झाल्या तरी दोन वह्यांचा घोळ परत होणार नाही. नोनहेल्पर्सची यादी मात्र राहू द्या, नाहीतर बिल्ड पुन्हा पडेल.

प्रतिसाद १

हेल्पर थोडेच असतील तर नोंदणीही नको. प्रत्येक हेल्पर त्याच्याच नावाच्या फाइलमध्ये ठेवा, फाइलमधून फंक्शन एक्सपोर्ट करा आणि ते फोल्डर लोडरच्या 'हेल्परडर्स' पर्यायात द्या. लोडर फाइल शोधून टेम्पलेटमध्ये रिक्वायर करतो. नाव चुकलं तर बिल्डच पडतं, ब्राउझरपर्यंत चूक पोचत नाही. मला हे जास्त आवडतं.

धागाकर्ती

चाललं! रनटाइमवाली फाइल केली आणि तारखा दिसायला लागल्या. पूर्ण हँडलबार्सचं इम्पोर्ट कुठेच उरलं नाही, त्यामुळे कंपायलर बंडलमधून (ब्राउझरला जाणाऱ्या एकत्रित फाइलमधून) गेला आणि बंडलही हलकं झालं. दोघांचे मनापासून आभार. हेल्परडर्स पुढच्या प्रकल्पात नक्की वापरेन.

याच कामात एक गोष्ट राहिली आहे. चित्राचा पत्ता टेम्पलेटला डेटातून देते, चित्र जावास्क्रिप्टमध्ये रिक्वायर करून. पण पानावर पत्त्याच्या जागी 'ऑब्जेक्ट मॉड्यूल' असं उमटतं. चित्रांसाठी फाइल-लोडर आहे, जुन्या कॉन्फिगमधून तसाच उचललेला.

प्रतिसाद २

फाइल-लोडर ५व्या आवृत्तीपासून ईएस मॉड्यूल देतो. रिक्वायर केलं की अख्खं मॉड्यूल हातात येतं आणि पत्ता त्याच्या डिफॉल्टमध्ये असतो. वेबपॅक ५मध्ये तो लोडर लागतच नाही. काढून टाका आणि चित्रांच्या नियमात टाइप म्हणून 'अ‍ॅसेट/रिसोर्स' लिहा, रिक्वायर थेट पत्ता देईल.

आणखी एक. डेव्हलपमेंट मोडमध्ये वेबपॅकचं डेव्हटूल (सोर्स मॅप कसे बनवायचे तो पर्याय) मुळातच 'इव्हॅल' असतं, म्हणजे कोड मजकुरातून चालवला जातो. ती कडक पॉलिसी तुमच्या मशीनवर लावून तपासणार असाल तर डेव्हटूल 'सोर्स-मॅप' करा, नाहीतर टेम्पलेटचा काही दोष नसताना सगळं अडेल.

धागाकर्ती

चित्रं आली. डेव्हटूलचं आधीच सांगितलंत ते फार बरं झालं, उद्या नेमकं तेच तपासायला बसणार होते. धागा सुटला असं नोंदवते आहे.