अनुभव धागा : तुमचा रक्तगट तुम्हाला खरंच माहीत आहे का?

नमस्कार मंडळी,

हा धागा काढायचं कारण घरचंच आहे. गेल्या श्रावणात बाबा अंगणात घसरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशनसाठी दोन पिशव्या रक्त तयार ठेवायला सांगितलं. मी फॉर्मवर बिनदिक्कत 'बी पॉझिटिव्ह' लिहून दिलं, कारण आयुष्यभर तेच ऐकत आलो. बाबांच्या लायसन्सवरही तेच छापलंय. तासाभराने रक्तपेढीतून फोन आला, "पेशंटचा गट बी निगेटिव्ह येतोय. दुसरा नमुना पाठवा." दुसऱ्या नमुन्यातही निगेटिव्हच. भारतात शंभरातल्या पाच-सहा जणांचाच गट निगेटिव्ह असतो. त्या दिवशी रांगेत उभे असलेले माझे दोन्ही चुलतभाऊ आणि मी, तिघेही पॉझिटिव्ह. एक पिशवी चाळीस किलोमीटरवरच्या रक्तपेढीत मिळाली, दुसरी रात्री साडेअकराला एका अनोळखी माणसाने येऊन दिली.

नंतर बाबांना विचारलं, हे बी पॉझिटिव्ह कुठून आलं? तर म्हणाले, "1991 साली लायसन्स काढताना एजंटाने भरलं. आजोबांचा तोच होता, म्हणून मी हो म्हटलं." चौतीस वर्षं तो गट त्यांच्या खिशात होता आणि एकदाही कुणी तपासला नव्हता.

तुम्हाला रक्तगट कसा कळला, चुकीचा निघाला का, द्यायची-घ्यायची वेळ कशी आली, ते मोकळेपणाने लिहा. रुग्णालयांची नावं टाळा, माणसांचीही.

---

मिरजेचा लॅबवाला

पंचवीस वर्षं रक्तपेढीत आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

शाळेच्या किंवा गावच्या शिबिरात काचपट्टीवर तीन थेंब टाकतात : निळं अँटी-ए, पिवळं अँटी-बी, बिनरंगी अँटी-डी. रक्तात गुठळ्या दिसल्या तर तो गट. उजेड कमी, गर्दी जास्त, थेंब वाळायला लागलेला, अशा वेळी चूक होते. रक्तपेढीत आम्ही उलट बाजूनेही तपासतो. तुमच्या रक्तातलं सीरम (पेशी वेगळ्या केल्यावर उरणारा पातळ भाग) घेऊन ते ए, बी आणि ओ गटाच्या माहीत असलेल्या पेशींबरोबर मिसळतो. दोन्ही उत्तरं जुळली तरच गट लिहितो.

धागाकर्ते, तुमच्या बाबांच्या बाबतीत एजंटाचीच चूक असेल, पण आणखी एक शक्यता सांगून ठेवतो. पॉझिटिव्ह-निगेटिव्ह ठरवणारा डी हा घटक काहींमध्ये अगदी क्षीण असतो. असा माणूस रक्त द्यायला आला तर पिशवीवर आम्ही पॉझिटिव्ह लिहितो, आणि तोच रुग्ण म्हणून आला तर बहुतेक वेळा त्याला निगेटिव्ह रक्त देतो. त्यामुळे दोन कागदांवर दोन गट दिसू शकतात आणि दोन्हीमागे कारण असतं.

तान्ह्या बाळाचा गट जन्माच्या फाईलवर लिहिलेला असतो, तोही मोठेपणी पुन्हा तपासून घ्या. पहिले काही महिने बाळाच्या अंगात स्वतःची प्रतिपिंडं (परक्या पेशींवर उलटणारे रक्तातले घटक) नसतात, त्यामुळे उलट तपासणी करताच येत नाही.

लायसन्स, आधार कव्हर, गळ्यातलं ओळखपत्र, यांवरचा गट पाहून कुठलीही रक्तपेढी रक्त सोडत नाही. नमुना, गट आणि मग क्रॉसमॅच (दात्याचं आणि रुग्णाचं रक्त जुळतं का ते मिसळून पाहणं), हे दर वेळी होतंच. मग आपल्याला आधी माहीत असून उपयोग काय? शोधाशोध कुठे करायची हे कळतं. तुमचे चार तास वाचतात.

---

अकोल्याची आई

माझ्या मुलाला थॅलेसेमिया मेजर आहे, म्हणजे अंगात पुरेसं रक्त तयारच न होणारा जन्मजात आजार. दर तीन आठवड्यांनी रक्त लागतं. गट बी पॉझिटिव्ह, आपल्याकडे सर्रास आढळणारा. "सोपा गट आहे, मिळून जाईल," असं जो तो म्हणतो. मे महिन्यात या म्हणावं आमच्याबरोबर! कॉलेजं बंद, लोक गावाला, शिबिरं नाहीत. दिवाळीतही तेच. मुलाचं हिमोग्लोबिन सातच्या खाली गेलं की तो जिना चढताना मध्येच बसतो. मी फोन करत असते.

पुढाऱ्याच्या वाढदिवसाला एकाच दिवशी ढीगभर पिशव्या जमतात. लाल पेशी फार तर 42 दिवस टिकतात, प्लेटलेट्स तर पाचच दिवस. मंडळवाल्यांना हात जोडून सांगते, सगळ्यांनी एका दिवशी देऊ नका, वाटून घ्या. आमच्या गल्लीतल्या गणेश मंडळाने हे ऐकलं. त्यांची पंधरा पोरं आता पाळीपाळीने देतात, प्रत्येकाची तारीख माझ्या वहीत आहे. पुरुषांना दर तीन महिन्यांनी देता येतं, बायकांना चार.

सतत बाहेरचं रक्त घेणाऱ्या मुलांसाठी ए-बी-ओ आणि आरएच (पॉझिटिव्ह-निगेटिव्ह) जुळणंही पुरत नाही. तिसऱ्या वर्षी त्याच्या रक्तात दुसऱ्याच एका घटकाविरुद्धची प्रतिपिंडं सापडली. तेव्हापासून त्याच्यासाठी केल नावाचा घटक नसलेलीच पिशवी शोधतात.

आणि लग्न ठरवणाऱ्यांनो, रक्तगटाबरोबर एचबीए-टू ची (थॅलेसेमियाचे वाहक ओळखणारी) तपासणीही करून घ्या. आम्ही दोघंही मायनर, म्हणजे वाहक, आहोत हे आम्हाला मुलगा आठ महिन्यांचा झाल्यावर कळलं.

---

नाशिकची लेक

हे पहिल्यांदाच लिहितेय.

मी ए निगेटिव्ह, नवरा ओ पॉझिटिव्ह. 2009 मध्ये अकराव्या आठवड्यात गर्भपात झाला. क्युरेटिंग (पिशवी साफ) करून तालुक्याच्या दवाखान्यातून घरी पाठवलं. पुढच्या बाळाला धोका होऊ नये म्हणून अँटी-डी इंजेक्शन द्यायला हवं होतं, ते कुणी दिलं नाही आणि आम्हाला विचारायचं माहीत नव्हतं. 72 तासांच्या आत द्यायचं असतं ते. फाईलवर माझा गट ठळक लिहिलेला होता, आजही ती फाईल माझ्याकडे आहे.

2011 मध्ये पुन्हा दिवस राहिले. इनडायरेक्ट कूम्ब्स नावाची तपासणी पॉझिटिव्ह आली. डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं : आधीच्या वेळी बाळाचं थोडं पॉझिटिव्ह रक्त माझ्या रक्तात मिसळलं, माझ्या शरीराने त्याला परकं मानून प्रतिपिंडं तयार केली, आणि आता तीच वारेतून पलीकडे जाऊन या बाळाच्या लाल पेशी फोडतायत. मी विचारलं, म्हणजे मीच बाळाला मारतेय का? त्या उठून माझ्याजवळ येऊन बसल्या.

दर आठवड्याला सोनोग्राफी. बाळाच्या डोक्यातल्या रक्तवाहिनीचा वेग बघून तिला रक्त किती कमी पडतंय याचा अंदाज घेत. सत्ताविसाव्या, तिसाव्या आणि तेहेतिसाव्या आठवड्यात माझ्या पोटातून सुई घालून नाळेच्या शिरेत ओ निगेटिव्ह रक्त दिलं. जन्मायच्या आधीच तीन अनोळखी माणसांचं रक्त माझ्या लेकीच्या अंगात होतं. छत्तिसाव्या आठवड्यात ती आली, पिवळीधम्मक. नऊ दिवस निळ्या दिव्याखाली, त्यात एकदा सगळं रक्त बदललं. अहो आई त्या नऊ दिवसांत एकदाही घरी गेल्या नाहीत, काचेबाहेर बाकावर बसून होत्या.

ती आता नववीत आहे. कबड्डी खेळते.

निगेटिव्ह गटाच्या मुलींनो, अठ्ठाविसाव्या आठवड्यात एक इंजेक्शन, बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर 72 तासांत दुसरं. गर्भपात झाला, अंगावरून गेलं, पोटावर पडलात, तरी विचारा. लाजू नका, त्या गर्दीत तुमचं तुम्हीच आठवण करून द्या.

---

सांगलीकर ओएच

माझा गट बॉम्बे आहे. मुंबईकरांचा गट असतो तो का, असं लोक विचारतात. 1952 साली मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो पहिल्यांदा ओळखला, म्हणून ते नाव. भारतात साधारण दहा हजारांत एक, युरोपात दहा लाखांत एक म्हणतात.

ए आणि बी हे घटक ज्या पायावर उभे राहतात त्याला एच म्हणतात. ओ गटवाल्यांकडे ए-बी नसतो, पण एच भरपूर असतो. आमच्याकडे पायाच नसतो. त्यामुळे काचपट्टीवर आम्ही ओ दिसतो. मी कॉलेजात ओ पॉझिटिव्ह म्हणून दोनदा रक्त दिलंय! तिसऱ्यांदा पेढीत उलट तपासणी झाली तेव्हा ओ पेशींबरोबरही गुठळ्या झाल्या आणि मला आत बोलावलं.

2018 मध्ये अपेंडिक्स फुटलं. पोटात रक्तस्राव, हिमोग्लोबिन पाच. ओ निगेटिव्ह सगळ्यांना चालतं ना, म्हणून भाऊजी पिशवी घेऊन धावत आले. मला ते रक्त विषासारखं आहे हे त्यांना पटेना. शेवटी बॉम्बे गटवाल्यांच्या यादीवरून एक शिक्षक सापडले. ते परभणीहून रात्रभर एसटीने आले, सकाळी रक्त दिलं, चहा घेतला आणि दुपारच्या गाडीने परत गेले. परीक्षेचे पेपर तपासायचे राहिलेत म्हणाले.

दुसरी पिशवी माझ्या बहिणीची निघाली. आईबाप दोघांकडून तो दोष आला की होतो हा गट, म्हणून सख्ख्या भावंडांत शोध आधी घ्यायचा. तिला तोवर माहीतच नव्हतं, तिच्या दोन्ही बाळंतपणांत 'ओ पॉझिटिव्ह' लिहिलं होतं. तेव्हा रक्त लागलं नाही, हे नशीब.

आता मी शिबिरात रक्त देत नाही. पेढीनेच सांगितलंय, तुम्ही थांबा, फोन येईल तेव्हा या. सात वर्षांत चारदा आला. मोबाईल रात्री बंद करत नाही.

---

ठाण्यातली सौ.

यांच्या दोन्ही किडन्या गेल्या. यांचा गट ओ, माझा ए. ओ माणसाला साधारणपणे ओ चीच किडनी चालते, मी तयार असून उपयोग नव्हता. (किडनीत निगेटिव्ह-पॉझिटिव्ह बघत नाहीत, हे तेव्हा कळलं.) चौदा महिन्यांनी एक जोडपं मिळालं, नवरा ए, बायको ओ. त्यांचा गट चालत होता, पण दुसऱ्या तपासणीत तिची किडनी त्याला जुळत नव्हती. तिची किडनी माझ्या नवऱ्याला, माझी तिच्या नवऱ्याला. कायद्याने अशी अदलाबदल करता येते. चारही ऑपरेशनं एकाच दिवशी. आम्ही दोघी एकाच वॉर्डात शेजारी होतो, संक्रांतीला अजूनही एकमेकींकडे जातो.

---

तोक्योत मराठी

इथे पहिल्याच आठवड्यात ऑफिसमधल्यांनी रक्तगट विचारला. स्वभाव ओळखायला! जवळजवळ प्रत्येकाला आपला गट पाठ. मी बी निगेटिव्ह म्हटल्यावर मात्र गप्प झाले. जपानमध्ये दोनशेत एखादाच निगेटिव्ह असतो. कंपनीच्या डॉक्टरांनी त्याच दिवशी माझ्या कार्डावर लाल पेनने लिहिलं आणि रेड क्रॉसचा पत्ता दिला. तेव्हापासून नेमाने देतो.

---

मोठी ताई

धाकट्या भावाला ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) झाला. बोन मॅरो (हाडातला, रक्त तयार करणारा मगज) द्यायला रक्तगट जुळावा लागत नाही, एचएलए (पेशींवरच्या ओळखखुणा) जुळावं लागतं, आणि सख्ख्या भावंडांत ती शक्यता चारात एक. माझं जुळलं. मी ओ, तो ए. पाच-सहा महिन्यांनी त्याचा गट तपासला तर ओ आला. जुनी सगळी कागदपत्रं बदलावी लागली. उपचार चालू असताना वडील स्वतःचं रक्त द्यायला निघाले होते, डॉक्टरांनी अडवलं. जवळच्या नातेवाइकाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी रुग्णावर उलटू शकतात, त्यासाठी आधी पिशवीवर किरणांची प्रक्रिया करावी लागते. वडिलांना ते फार लागलं होतं. मग त्यांनी शेजारच्या खाटेवरच्या मुलासाठी दिलं.

---

धागाकर्ता

सगळे प्रतिसाद घरात मोठ्याने वाचून दाखवले. नाशिकच्या ताई, तुमचा वाचताना आईला पुढे ऐकवेना.

रविवारी आम्ही सहाही जण लॅबमध्ये जाऊन आलो. माझा बरोबर निघाला. धाकट्या बहिणीच्या ओळखपत्रावर ए पॉझिटिव्ह होतं, निघाली एबी पॉझिटिव्ह. आजी एक्क्याऐंशीची, तिचा कधी तपासलाच नव्हता. आधी म्हणाली आता मला काय करायचंय, मग सुई टोचून घेतली आणि निकाल येईपर्यंत खुर्चीवरून हलली नाही. बी निगेटिव्ह. बाबांसारखाच. लॅबमधल्या मुलीकडून तिने तो मराठीत लिहून घेतला आणि चिठ्ठी घडी करून कुंकवाच्या डबीत ठेवलीय.