भयकादंबरी स्वखर्चाने काढायची आहे – संपादन, छपाई, विक्री याबद्दल सल्ला हवा (ठाणे / नवी मुंबई)

रातपाळी

नमस्कार. मी कळव्याला राहतो, रबाळ्याच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत काम करतो. गेली चार वर्षं एक भयकादंबरी लिहीत होतो, ती गणपतीत पूर्ण झाली. साधारण 62,000 शब्द आहेत. बहुतेक लिखाण रात्रपाळीतल्या मधल्या दोन तासांत वहीवर झालं आणि सुट्टीच्या दिवशी युनिकोडमध्ये टंकलं.

कथा ठाणे खाडीच्या पूर्वेकडच्या एका मिठागराची आहे. काळ 1969-70चा हंगाम. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना मार्च 1970ची, म्हणजे जमिनी जाण्याच्या अगदी तोंडावरचा. मिठागरावर रात्री राखण करणाऱ्या माणसाला चिखलातून कुणीतरी नाव घेऊन हाका मारतं. गिऱ्ह्याची, म्हणजे पाण्यातल्या भुताची, गोष्ट आजीकडून लहानपणी ऐकली होती, तिचं बीज मनातून कधी गेलं नाही.

एका प्रकाशकांनी हस्तलिखित आठ महिने ठेवून घेतलं आणि मग निम्मा खर्च तुम्ही करा म्हणाले. निम्मा खर्च माझाच असेल तर सगळंच आपण का करू नये, असं वाटू लागलं आहे. ‘लेखकांसाठी पॅकेज’ देणाऱ्या एका कंपनीचाही फोन आला. संपादन, मुखपृष्ठ, आयएसबीएन (पुस्तकाचा नोंदणी क्रमांक), जाहिरात, सगळं एका रकमेत. रक्कम माझ्या दीड महिन्याच्या पगाराएवढी आहे.

माझ्याकडे पैसे मर्यादित आहेत. ते कशावर घालावेत आणि कशावर नाही? किती प्रती काढाव्यात? ठाणे-वाशी पट्ट्यात चांगला मुद्रक कसा ओळखायचा? पहिली सहा प्रकरणं प्रतिलिपी या वाचनाच्या संकेतस्थळावर टाकली होती, वाचकांनी आपुलकीने लिहिलं, त्यामुळे धीर आला आहे. पण पुस्तक हातात घेऊन वाचलं जावं ही मनापासून इच्छा आहे.

फर्मा_सोळा

छपाईचं मी सांगू शकतो, वडिलांपासून हाच धंदा आहे.

आधी हिशेब. डेमी आकारात (साडेपाच बाय साडेआठ इंच) एका पानावर साधारण 280 शब्द धरले तर तुमचा मजकूर 221-222 पानं होईल. सुरुवातीची आठ-दहा पानं वेगळी. पुस्तक सोळा पानांच्या फर्म्यात छापलं जातं, म्हणून 15 फर्मे, 240 पानं धरून चाला. शेवटी काही कोरी राहिली तर राहू द्या. ती भरायला टाइप मोठा करत बसू नका.

ऑफसेटवर प्लेट आणि मशीन लावण्याचा खर्च एकदाच असतो, म्हणून प्रती वाढल्या की दर खाली येतो. तीनशेच्या आत प्रती काढायच्या तर डिजिटल बरं पडतं, तिथे पहिल्या प्रतीचा आणि शंभराव्या प्रतीचा दर जवळपास सारखाच. पहिल्यांदा काढताय, 150 ते 200 प्रती डिजिटलवर काढा. हजार प्रतींच्या मोहात पडू नका. घरात, विशेषतः कळव्याच्या दमट हवेत, गठ्ठे दोन पावसाळ्यांत खराब होतात. मी स्वतः लोकांना रद्दीत घालताना पाहिलंय, वाईट वाटतं.

कागद 70 जीएसएम (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजन), नॅचरल शेड म्हणजे किंचित पिवळसर घ्या. पांढराशुभ्र मॅपलिथो कादंबरीला नको, रात्री दिव्याखाली डोळ्यांवर येतो. मुखपृष्ठ 300 जीएसएम आर्टकार्ड, मॅट लॅमिनेशन. मुद्रकाकडे गेलात की त्याने अलीकडे छापलेलं एखादं पुस्तक मागा, मधोमध उघडून पाठीवर दाबा. पानं सुटली तर नमस्कार करून निघा.

आणि एक फार महत्त्वाचं. तुम्ही युनिकोडमध्ये टंकलंय, ते तसंच राहू द्या. बरेच डीटीपीवाले (संगणकावर पानं लावणारे) अजून श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये मजकूर बदलून घेतात. त्या फिरवाफिरवीत ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ आणि जोडाक्षरं बिघडतात. तुमच्या कादंबरीत तर ‘गिऱ्हा’ हा शब्दच पानोपानी असणार! इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड देवनागरी नीट लावता येते, फक्त त्यातली वर्ल्ड-रेडी कंपोजर ही सोय चालू असावी लागते. ‘टिरो देवनागरी मराठी’ हा फॉन्ट मोफत आहे आणि त्यात ल, श मराठी वळणाचे आहेत.

पानगळ

माझं पहिलं पुस्तक मी अशाच एका पॅकेजमध्ये काढलं, म्हणून कळकळीने लिहिते. आयएसबीएन त्यांच्या नावावर घेतला होता, म्हणजे नोंदीत प्रकाशक ते. नंतर मला दुसरी आवृत्ती वेगळीकडून काढायची होती तेव्हा सगळं नव्याने करावं लागलं. ‘संपादन’ म्हणजे शब्दतपासणीच्या सॉफ्टवेअरमधून एकदा फिरवणं होतं. ‘दिन’ आणि ‘दीन’मधला फरक त्याला कळला नाही.

आयएसबीएन आपल्याकडे मोफत मिळतो. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेच्या संकेतस्थळावर लेखक म्हणून स्वतः अर्ज करता येतो. छापील आणि ई-पुस्तकासाठी वेगवेगळे क्रमांक घ्या. त्यासाठी कुणालाही पैसे देऊ नका.

कॉपीराइट तुम्ही लिहिलंत त्या क्षणी तुमचा झाला, 1957च्या कायद्यानुसार हयातभर आणि नंतर 60 वर्षं. नोंदणी ऐच्छिक आहे, पण केली तर पुढे वाद झाल्यास पुरावा हाताशी राहतो. आणखी एक गोष्ट स्वतः प्रकाशक होणाऱ्यांच्या लक्षात येत नाही: 1954च्या कायद्यानुसार प्रकाशनानंतर 30 दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथल्या ठरलेल्या ग्रंथालयांना एकेक प्रत पाठवायची असते. पाठवाच. आपलं पुस्तक तिथल्या कपाटात आहे ही भावना फार मोठी असते.

पैसे संपादनावर घाला. चांगला मुद्रितशोधक आणि भयकथा आवडीने वाचणारा एक संपादक, दोन वेगळी माणसं. ते झाल्यावर उरलं तर मुखपृष्ठ.

रातपाळी

पानगळ, फर्मा_सोळा, तुम्ही इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. पॅकेजवाल्यांना आज नाही कळवलं.

ई-पुस्तकाचं कुणाला माहीत आहे का?

डोंबिवली_फास्ट_नाही

किंडलवर मराठी ई-पुस्तक टाकता येतं, युनिकोड फाइल हवी. भारतातल्या विक्रीवर 70 टक्के मानधन हवं असेल तर केडीपी (किंडलची लेखकांसाठीची प्रकाशनसेवा) सिलेक्ट या योजनेत नाव नोंदवावं लागतं, नाहीतर 35 टक्के. पण सिलेक्टमध्ये असताना ते पुस्तक डिजिटल स्वरूपात दुसरीकडे ठेवता येत नाही, 90 दिवसांची अट असते. म्हणजे प्रतिलिपीवरची सहा प्रकरणं आधी काढावी लागतील, नमुन्यादाखल 10 टक्क्यांपर्यंतच मजकूर बाहेर ठेवायची मुभा आहे. छापील प्रतीला ही अट लागू नाही.

ऑडिओचे हक्क कुणालाही सहज देऊन टाकू नका. भयकथा कानाने ऐकणारे मराठी श्रोते भरपूर आहेत.

उपवनकाठ

नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या भयकथा वाचत मोठ्या झालेल्या पिढीतली मी. धारपांना जाऊन (2008) बरीच वर्षं झाली, मतकरी 2020मध्ये गेले. वाचक मात्र गेलेला नाही, तो वाट बघतो आहे. त्यामुळे तुमचा धागा बघून आनंद झाला. 1893पासून चालू असलेल्या आपल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाला एक प्रत जरूर भेट द्या. एखाद्या दिवाळी अंकाला स्वतंत्र कथाही पाठवा. अंकांचा मजकूर पावसाळ्यातच ठरतो, तेव्हा आत्तापासून पुढच्या वर्षीचं लिहायला घ्या.

एक विनंती, तुम्हाला उद्देशून नाही, ठाण्यावर भयकथा लिहिणाऱ्या सगळ्यांनाच. माझी आई ठाण्याच्या मनोरुग्णालयात परिचारिका होती. 1901पासूनची ती जागा आहे, झाडी आहे, जुनी दगडी बांधकामं आहेत, म्हणून हौशी लेखक तिथे भुतं नेऊन बसवतात. तिथे आजारी माणसं बरी होण्यासाठी येतात, त्यांचे नातेवाईक बाकावर डबा घेऊन बसलेले असतात. भीतीसाठी त्यांना वापरू नये. तुम्ही मिठागर निवडलंत हे फार आवडलं.

रातपाळी

उपवनकाठ, तुमच्या आईंना नमस्कार सांगा. खरं सांगतो, पहिल्या खर्ड्यात असं एक प्रकरण होतं. दोन वर्षांपूर्वी काढून टाकलं, कारण ते लिहिताना मला स्वतःलाच बरं वाटत नव्हतं. का वाटत नव्हतं ते आज कळलं.

खाडीवाला

प्रतिलिपीवरची सहाही प्रकरणं वाचली. चौथं दोनदा वाचलं. आवाज जवळून येतो आणि चिखलात पाऊल एकही नाही, तिथे अंगावर काटा आला.

पण एक चूक आहे आणि ती खाडीकाठच्या माणसाला लगेच खटकेल. तुम्ही अमावास्येच्या मध्यरात्री खाडी कोरडी दाखवली आहे, राखणदार कंदील घेऊन चिखलात उतरतो. अमावास्येला मध्यरात्री भरती असते. तीही उधाणाची.

आमच्याकडे जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट करायची की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन. अमावास्या पंधरावी तिथी धरली की सव्वाअकरा, आणि खाडीत आतवर पाणी पोचायला आणखी थोडा वेळ. म्हणजे बरोबर तुमच्या प्रसंगाच्या वेळी पाणी बांधाला लागलेलं असणार.

मध्यरात्री उघडा चिखल हवा असेल तर अष्टमी घ्या. आठाची पाऊणपट सहा. सहाला भरती, बाराला ओहोटी. भांगाच्या (कमी भरती-ओहोटीच्या) दिवसांत पाणी उधाणाइतकं खाली उतरत नाही हे खरं, पण काठालगतचा चिखल उघडा पडतो, तुमच्या माणसाला तेवढा पुरे.

रातपाळी

खाडीवाला, मी काल रात्रीपासून याच विचारात आहे.

अमावास्या मी सवयीने घेतली होती. भयकथा म्हटली की अमावास्या. तुमचा हिशेब वाचून पंचांग काढून बसलो. काकांनी शके 1891चं जपून ठेवलंय. पौष वद्य अष्टमी जानेवारी 1970च्या शेवटी येते, मिठाच्या ऐन हंगामात. आणि वद्य अष्टमीला चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो! म्हणजे राखणदार चिखलात उतरतो तेव्हा मिट्ट काळोख आहे, हाक येते, आणि त्याच वेळी पूर्वेला पारसिकच्या डोंगरामागून अर्धा चंद्र वर यायला लागतो. डोंगर मध्ये असल्यामुळे उजेड आधी पश्चिमेला पलीकडच्या पाण्यावर पडेल, याच्यापर्यंत नंतर. तेवढा वेळ त्याला दिसेल की पाणी उजळलंय आणि त्या पाण्याच्या अलीकडे कुणीतरी उभं आहे. तोंड मात्र दिसणार नाही.

हे मला सुचलं नसतं. ते प्रकरण पुन्हा लिहायला घेतलंय.

खाडीवाला

आणि सहा तासांनी पाणी परत येणार, हे त्याला माहीत आहे. ते विसरू नका.

फर्मा_सोळा

मग छपाई घाईने करू नका. फाइल मुद्रकाकडे गेल्यावरची दुरुस्ती महाग पडते. कच्ची प्रत एक काढून घ्या, बांधून घ्या, आणि ती हातात घेऊन वाचा. पडद्यावर न दिसलेल्या चुका कागदावर दिसतात.

पानगळ

कच्च्या प्रतीला माझंही अनुमोदन. आणि मोठ्याने वाचा, घरात कुणी नसताना. जिथे जीभ अडखळते तिथे भीती तुटते.

विक्रीचं राहिलं. दुकानात ठेवायचं तर 40 टक्क्यांच्या आसपास सूट मागतात, असा माझा अनुभव आहे. किंमत ठरवताना ते धरा. माझ्या निम्म्याहून जास्त प्रती ओळखीतून, वाचनकट्ट्यांवर आणि फोनवर मागवणाऱ्यांना टपालाने गेल्या. त्यांतल्या काही वाचकांची अजून पत्रं येतात.

रातपाळी

ठरलं. 150 प्रती डिजिटलवर, पैसे आधी संपादनाला, आयएसबीएन स्वतः घेणार. प्रतिलिपीवरची प्रकरणं महिनाअखेर काढतो, ज्यांना वाचायची आहेत त्यांनी तोवर वाचा.

एकच अडचण उरली आहे. राखणदार आणि त्याची बायको यांचे संवाद मी आगरी बोलीत लिहिलेत. मी मूळचा गुहागरकडचा, कळव्यात वीस वर्षं ऐकून ऐकून जेवढं आलं तेवढं. चुकीचं छापून त्या माणसांचा अपमान व्हायला नको. कुणी तीन प्रकरणं तपासून देईल का? मानधन देईन.

घणसोली_गावठाण

मानधन नको. माझी आत्या कोपरखैरण्याला असते, सत्तरी ओलांडली आहे. लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं मिठागरावर होती, मिठाच्या पाट्या वाहिल्यात तिने. बोली तर सांगेलच, पण रात्री राखणीला कोण बसायचं, कंदील कुठे टांगायचे, काय खायचे, हेही सांगेल.

तिला वाचता येत नाही. तुम्हाला समोर बसून वाचून दाखवावं लागेल. रविवारी सकाळी या, मात्र गिऱ्ह्याचं प्रकरण दिवसाउजेडी वाचा, संध्याकाळी ती ते नाव घेऊ देत नाही.