शाब हस्नी : केवळ प्रेमगीते गाणाऱ्या गायकाचा खून का झाला?

रंकाळाकाठ (प्रश्न)

कोल्हापूरच्या शाहूपुरीत आम्ही दहा-बारा जण दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी जमून एकाच गायकाची गाणी ऐकतो. अल्लादियाँ खाँसाहेबांच्या वास्तव्याने पावन झालेल्या गावात बैठक बहुतेक वेळा जयपूर-अत्रौली घराण्याच्या गायकीकडेच वळते; परंतु सप्टेंबरची बैठक मी अल्जीरियाच्या शाब हस्नीवर घ्यायचे ठरवले आहे. माझा भाचा बांधकामाच्या नोकरीनिमित्त दोन वर्षे ओरान शहरात होता. त्याला रोज कामावर नेणारा चालक गाडीत हस्नीशिवाय दुसरे काही लावत नसे. भाच्याने येताना ती गाणी पेनड्राइव्हवर भरून आणली आणि शब्द कळत नसतानाही मी गेले चार महिने ती ऐकत आहे.

१ फेब्रुवारी १९६८ रोजी ओरानच्या गॅम्बेटा या वस्तीत जन्मलेल्या हस्नी शक्रूनला २९ सप्टेंबर १९९४ रोजी त्याच वस्तीत गोळ्या घालून ठार मारण्यात आले, तेव्हा तो अवघा २६ वर्षांचा होता, इतके मला ठाऊक आहे. आमच्यातील एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, "नुसती प्रेमाची गाणी म्हणणाऱ्या पोराला कोणी कशाला मारील? तो राजकारणात असणारच." मला उत्तर देता आले नाही. जाणकारांनी कृपया सांगावे.

मोडीवाचक

हस्नी राजकारणात नव्हता, पण राजकारण त्याच्या दारापर्यंत आले होते. डिसेंबर १९९१ मध्ये अल्जीरियातील निवडणुकीच्या पहिल्या फेरीत इस्लामिक सॅल्व्हेशन फ्रंट या इस्लामवादी पक्षाने मोठी आघाडी घेतली, जानेवारी १९९२ मध्ये लष्कराच्या दबावाखाली पुढची फेरी रद्द झाली, आणि त्यातून पेटलेल्या यादवीत पुढच्या दशकभरात दीड लाखाच्या आसपास माणसे मारली गेली, असा अंदाज सर्वसाधारणपणे दिला जातो. सशस्त्र गट आणि सुरक्षा दले यांच्यात भरडल्या गेलेल्या सामान्य माणसांबरोबरच पत्रकार, लेखक, शिक्षक आणि कलावंत यांना वेचून मारण्यात आले. हस्नीच्याच ओरानमध्ये मार्च १९९४ मध्ये नाटककार अब्देलकादर अल्लूला यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि चार दिवसांनी त्यांचा अंत झाला. फेब्रुवारी २०१५ मध्ये पानसरे अण्णांवर सकाळी झालेल्या गोळीबारानंतरचे चार दिवस आपल्या गावाने ज्या अवस्थेत काढले, ती आठवली तर ओरानमधील माणसांना त्या वर्षी काय वाटले असेल, हे आपल्या बैठकीला वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

हस्नीच्या खुनाआधी चारच दिवस, २५ सप्टेंबरला, काबिली भाषेतील प्रसिद्ध गायक मातूब लूनेस यांचे सशस्त्र गटाने अपहरण केले होते. ते ऑक्टोबरमध्ये सुटले, पण १९९८ मध्ये त्यांचीही हत्या झाली. फेब्रुवारी १९९५ मध्ये हस्नीच्या गानप्रकाराला आधुनिक वाद्यमेळ देणारे निर्माते रशीद बाबा अहमद यांना ओरानमध्येच मारण्यात आले. हा क्रम पाहिला की हस्नीचा खून हे एखाद्या वैयक्तिक वैराचे प्रकरण नव्हते, हे ध्यानात येते.

पंचगंगातीर

वरील माहिती योग्य आहे. तरीही ज्येष्ठ सभासदांच्या प्रश्नाचे उत्तर मला घटनाक्रमापेक्षा त्या गाण्यांतच अधिक सापडते.

या गानप्रकाराचे नाव 'राय'. मत किंवा सल्ला या अर्थाचा हा अरबी शब्द फारसीच्या मार्गाने हिंदी-उर्दूत आला आणि 'आपकी क्या राय है' या वाक्यात आपण तो नेहमी ऐकतो. म्हणजे नावातच स्वतःचे म्हणणे मांडणे आहे. ओरान हे बंदराचे शहर. तेथील मद्यालये, लग्नघरे आणि बायकांच्या मैफली यांतून ही गायकी वाढली. शेखा रिमिती (१९२३-२००६) यांनी स्त्रीच्या देहाविषयी आणि इच्छेविषयी इतके उघडपणे गायिले की प्रतिष्ठित घरांत त्यांचे नावही घेतले जात नसे. आपल्याकडे लावणीवर जीव टाकणारी माणसेसुद्धा ती स्वतःच्या माजघरात म्हणू देत नसत, तोच हा प्रकार. अल्जीरियाच्या सरकारी नभोवाणीनेही रायला अनेक वर्षे दूर ठेवले. ओरानमध्ये पहिला अधिकृत राय महोत्सव १९८५ मध्ये भरला. जुन्या गायकांना 'शेख' म्हणत, म्हणून नव्या मुलांनी नावामागे 'शाब', म्हणजे तरुण, हा शब्द लावला.

हस्नीचे नाव गाजले ते १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात, गायिका शाबा झहवानियासोबतच्या 'बराका' या युगुलगीतामुळे. मोडक्या झोपडीत भेटणाऱ्या दोन प्रेमिकांचे ते गाणे धीट होते आणि त्यावर बराच गहजब झाला. मात्र पुढे त्याने निराळी वाट धरली. विरह, पत्र न येणे, घरच्यांचा विरोध, परदेशी गेलेली प्रेयसी हे त्याचे विषय झाले आणि या हळव्या शैलीला 'राय लव्ह' असे नाव पडले. फ्रान्सने १९८६ मध्ये अल्जीरियन नागरिकांना व्हिसा सक्तीचा केल्यानंतर किती घरे समुद्राच्या दोन काठांवर विभागली गेली असतील, याची कल्पना त्याचे 'अल व्हिसा' हे गाणे ऐकताना येते. त्यात कोणत्याही सरकारविरुद्ध घोषणा नाही; तिला भेटायला जाता येत नाही, एवढेच दुःख आहे, आणि ते पुरेसे आहे.

अत्यंत साध्या की-बोर्डवर, झटपट ध्वनिमुद्रित केलेल्या त्याच्या शंभराहून अधिक कॅसेट काही वर्षांतच बाजारात आल्या. महाद्वार रोडवर एका दुकानातून दुसऱ्या दुकानाचे गाणे ऐकू यायचे ते दिवस ज्यांना आठवतात, त्यांना ही लोकप्रियता समजेल. माझ्या मते उत्तर हेच आहे : तरुण मुलामुलींच्या मनातील गोष्ट तो त्यांच्याच बोलीत मोठ्याने म्हणत होता, आणि लोकांनी खाजगीत काय वाटून घ्यावे हेही ज्यांना ठरवायचे होते, त्यांना हे घोषणांपेक्षा अधिक खुपले. तो अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा हुतात्मा होता, असे बैठकीत अवश्य सांगावे.

खासबागकर

पंचगंगातीर यांचे विवेचन मला आवडले, पण 'हुतात्मा' या शब्दाला माझा आक्षेप आहे. हुतात्मा एखाद्या कार्यासाठी मरण पत्करतो. हस्नीने मरण पत्करले नव्हते. त्याला जगायचे होते, गायचे होते. खालेद आणि शाब मामी या राय गायकांप्रमाणे फ्रान्सला जाणे त्याला अशक्य नव्हते, आणि जिवे मारण्याच्या धमक्याही येत होत्या, तरी तो आपल्या गल्लीत राहिला. याला आपण शौर्य म्हणू शकतो, पण कदाचित ते केवळ घराविषयीचे प्रेम असेल. लहानपणी फुटबॉल खेळणारा, फुटबॉलवेड्या वस्तीत वाढलेला हा मुलगा होता. शाहू स्टेडियमच्या गॅलरीत वाढलेल्या आपल्या पेठांतील मुलांना तालीम आणि मंडळ सोडून जाणे किती जड जाते, हे आपण पाहतोच.

दुसरी सूचना खुनाच्या कारणाविषयी. एका कार्यक्रमात मुलींनी त्याच्या गालाचे चुंबन घेतले म्हणून त्याला मारले, ही कथा सर्वत्र सांगितली जाते. ठपका सशस्त्र इस्लामी गटावर ठेवला जातो आणि त्या काळातील इतर हत्या पाहता तो सुसंगतही आहे; परंतु चुंबनाची कथा पुराव्यासारखी सांगू नये. एवढ्या मोठ्या रक्तपाताचे कारण एका गालावर आणून ठेवले, तर तो सगळा काळच छोटा होतो.

रंकाळाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. 'हुतात्मा' हा शब्द मी वापरणार नाही आणि चुंबनाची कथा वगळीन. आता अडचण क्रमाची आहे. हस्नी जिवंत असताना त्याच्या मृत्यूची अफवा उठली होती आणि त्यावर त्याने 'गालू हस्नी मात', म्हणजे 'हस्नी मेला असे म्हणाले', हे गाणे केले होते. बैठकीचा शेवट त्याने करावा, असे मला वाटत होते.

पंचगंगातीर

शेवटी लावू नये. शेवटी लावले तर श्रोते ते मृत्युलेख म्हणून ऐकतील, आणि गाताना तर तो अफवेला उत्तर देणारा जिवंत माणूस होता. ते मध्ये ठेवावे. आरंभ 'ताल घ्याबेक या घझाली'ने करावा. तुझे दूर असणे फार लांबले, असा त्याचा अर्थ. घझाल म्हणजे हरिणी, म्हणजेच प्रेयसी. 'अल व्हिसा' ऐकवण्यापूर्वी १९८६ चा संदर्भ दोन वाक्यांत द्यावा. राय या गानप्रकाराचा २०२२ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश झाला, हे ज्येष्ठांना सांगितल्यास ते थोडे अधिक सबुरीने ऐकतील, असा माझा अनुभव आहे.

रंकाळाकाठ

हा क्रम मला पटला. आखातात वीस वर्षे राहिलेल्या शेजाऱ्यांना काल गाणी ऐकवली, पण फ्रेंच मिसळलेली ओरानची बोली त्यांना उलगडली नाही. म्हणून भाच्याने त्या चालकालाच फोन लावला आहे. तो एकेक ओळ सावकाश म्हणून पाठवत आहे. सहा गाण्यांपैकी दोनांचा मराठी अर्थ वहीत उतरवून झाला आहे.