ग्रुप राइडला बदललेला सायलेन्सर चालू द्यायचा का?

घाटवाट
प्रस्ताव सरळ मांडतो. रविवारी ताम्हिणी, माळशेज, वरंध करणाऱ्या ग्रुपनी कंपनीचा सायलेन्सर नसलेली गाडी राइडला घेऊच नये. जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून रोडरोलरखाली चिरडले, अशा बातम्या पुणे-नागपूरहून कितीदा येतात, पण विक्री थांबत नाही. ग्रुपच्या ॲडमिनने ‘सायलेन्सर बदलून ये’ म्हटलं तर मात्र पोरं ऐकतात.

पाचला निघायचं म्हणून साडेचारला सोसायटीत गाडी चालू होते. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्र म्हणजे १० ते ६, आणि निवासी भागाची रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. थंड इंजिनाचं चढलेलं आयडल (गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग), जाळी काढलेला पाइप, दोन्ही बाजूंना उंच भिंती. हेल्मेट, जॅकेट, गुडघ्याचे गार्ड, शिस्तीत तिरक्या रांगेत चालणं यातलं काहीच तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाला दिसत नाही. त्याच्यापर्यंत बाईकर म्हणून पोचतात ती ही दोन मिनिटं.

थंपर_साडेतीनशे
पूर्ण असहमत. आवाज हे दुचाकीवाल्याचं संरक्षण आहे. घाटातल्या आंधळ्या वळणावर एक हात थ्रॉटल (ॲक्सिलरेटर) आणि पुढच्या ब्रेकवर, दुसरा क्लचवर असतो. हॉर्नपर्यंत अंगठा न्यायलाही वेळ मिळत नाही, आणि सायलेन्सर तर वाजतच असतो. खिडक्या उघड्या असलेल्या एसटीच्या चालकाला तो ऐकू येतो, रस्त्याकडेच्या गुराख्यालाही येतो.

दुसरं म्हणजे, जुन्या ओतीव लोखंडी इंजिनाच्या बुलेटचा मूळ सायलेन्सर आतून गंजून गेला की तसाच नवा मिळणं कठीण. तिथे बाजारातलाच बसवावा लागतो. मग त्या गाड्यांनी राइडला यायचंच नाही का?

पुशरॉड
संरक्षणाचा मुद्दा नीट तपासू. सायलेन्सरचं तोंड मागे असतं आणि धोका येतो पुढून. अमेरिकेत दुचाकी अपघातांवर झालेल्या १९८१ च्या हर्ट अहवालासाठी लॉस एंजेलिस परिसरातल्या ९०० मोटरसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी झाली होती. त्यात तीन चतुर्थांशाहून जास्त अपघातांत धोका चालकाच्या समोर, डाव्या-उजव्या ४५ अंशांच्या आत होता. दुसरं वाहन असलेल्या अपघातांपैकी सुमारे दोन तृतीयांशांत त्या वाहनाने दुचाकीचा रस्त्यावरचा हक्क मोडला होता. समोरच्याला आपण दिसायला हवं ते इथे.

आता घाट. दोघेही ताशी ५० ने समोरासमोर आले तर अंतर सेकंदाला २८ मीटरने कमी होतं. काचा वर, एसी चालू, आत गाणी. अशा गाडीतल्याला तुमचा पाइप ऐकू येईपर्यंत तुम्ही जवळपास शेजारी आलेले असता. बुलेटचा जाड, खालच्या पट्टीतला आवाज डोंगराला वळसा घालून जातो हे खरं, पण तो कुठून येतोय हे कानाला नीट कळत नाही, त्यात कड्याचा प्रतिध्वनी. हॉर्नची पट्टी वरची, तोंड पुढे, आणि त्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक. त्यामुळे वळण येण्याआधी सरळ रस्त्यावरच हॉर्न द्यायचा आणि मधल्या रेषेपासून आत राहायचं. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट कायम चालू राहतो, तो समोरच्याला दिसावं म्हणूनच.

कार्बन_साफ
यांत्रिकी बाजू कोणी घेत नाही म्हणून लिहितो. बीएस-६ (धुराच्या नव्या नियमांच्या) गाडीत नुसता पाइप बदलला की काम संपत नाही. ऑक्सिजन सेन्सर सावकाश, एका वेगाने चालवताना इंधन सावरून घेतो. पूर्ण थ्रॉटलला इसीयू (इंजिन चालवणारा संगणक) पेट्रोल किती द्यायचं याच्या आपल्या ठरलेल्या मॅपवर जातो, आणि तो मॅप मूळ सायलेन्सर धरून बनवलेला असतो. हवा जास्त, पेट्रोल कमी. चढावर इंजिन टकटकतं, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तापतो. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सायलेन्सरच्या पोटात असेल तर पाइपाबरोबर तोही जातो आणि पीयूसीला गाडी अडते.

थ्रॉटल सोडल्यावर फटफट होते ती पुष्कळांना ‘पॉवर’ वाटते. बहुतेकदा ती बेंडपाइपच्या (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या वाकड्या नळीच्या) सांध्यातून आत येणारी हवा असते. थंड गाडी चालू करून लगेच सांध्यावर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले की गळती पक्की. दाबून बसणारा गॅस्केट दरवेळी नवाच घालायचा आणि दोन्ही नट आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा आवळायचे. एकच नट आधी पूर्ण आवळला तर फ्लँज (पाइप इंजिनाला धरणारी पट्टी) तिरका बसतो आणि गळती कायम राहते.

कार्ब्युरेटरच्या बुलेटवर किल्ली बंद-चालू करून फटाके मारणं वेगळं. इंजिन फिरत असतं, ठिणगी नसते, न जळलेलं पेट्रोल तापलेल्या पाइपात साठतं आणि ठिणगी परतताच तिथे भडकतं. आतल्या पडद्यांचे वेल्ड त्याने सुटतात. असं करणाऱ्याला ग्रुपमध्ये ठेवूच नये, यात माझ्यासाठी चर्चेला जागा नाही.

नंबरप्लेट
कायदा आधीच कडक आहे. आवाजाची मर्यादा मोडली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, शिवाय तीन महिने परवान्यासाठी अपात्र. कलम १८२अ(४) खाली मालकाने गाडीत बेकायदा बदल केला तर दर बदलामागे ५,००० रुपये. पण दुकानदार ‘फक्त रेसिंगसाठी’ असा शिक्का मारून तोच पाइप विकतो आणि तिथेच बसवूनही देतो. भोगतो कोण, तर विशीतला पोरगा. ग्रुपनेही त्याच्यावरच बंदी घातली तर दुकानदाराला धक्का कुठे लागला? ॲडमिननी आधी ओळखीच्या गॅरेजवाल्यांशी बोलावं.

थंपर_साडेतीनशे
@पुशरॉड, वळणाआधी हॉर्न हे मान्य. पण नियम आवाजावर लावा, पाइपाच्या ब्रँडवर नको. काचलोकर भरलेला, डीबी किलर (तोंडात बसवायचा, आवाज कमी करणारा तुकडा) असलेला चांगला पाइप आणि पोकळ नळी एकाच तराजूत घालू नका. आणि @घाटवाट, बाईकर लोकांना कसे दिसतात हा मुद्दा मध्ये कशाला? द्रुतगती मार्ग, समृद्धी, अटल सेतू दुचाकीला बंद आहेत, ते आवाजामुळे नाहीत. आपण उद्या गप्प झालो तरी ते उघडणार नाहीत.

घाटवाट
त्या रस्त्यांवरची बंदी उठावी म्हणून मी बोलत नाहीये. कोणाच्या तरी घरात तान्हं मूल साडेचारला दचकून उठतं, तेवढं कारण मला पुरतं.

आवाज मोजायचाच तर रीत अशी: मायक्रोफोन पाइपाच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर, धुराच्या दिशेला ४५ अंशात, तोंडाच्याच उंचीला. कमाल पॉवर ५,००० आरपीएमच्या वर मिळत असेल तर त्याच्या निम्म्या आरपीएमवर इंजिन स्थिर धरायचं. रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० ची पॉवर ६,१०० ला, म्हणजे साधारण ३,०५०. गाडीला टॅकोमीटर (आरपीएमचा काटा) नाही, म्हणून ओबीडीचा डाँगल (इसीयूकडून आरपीएम वाचून फोनवर दाखवणारं छोटं यंत्र) लावावा लागेल. मोबाइलच्या ॲपचा आकडा खरा धरू नका. त्याच जागी, त्याच फोनने तेच मॉडेल मूळ सायलेन्सरसह मोजा आणि फरक बघा. ३ डेसिबलपर्यंत सोडू, पुढे नाही. १० डेसिबल म्हणजे ध्वनीची ताकद दहापट, हे विसरू नका.

पुशरॉड
डीबी किलर एका ॲलन बोल्टवर असतो, दोन मिनिटांत निघतो. निघताना तपासलं तर पहिल्या चहाच्या थांब्यावरही तपासा. काचलोकरही जळून उडते. आवाज पातळ, पत्र्यासारखा झाला की रिव्हेट काढून पुन्हा भरायची. सैल भरली तर उडून जाते, ठासून भरली तर आवाज शोषत नाही.

थंपर_साडेतीनशे
३ डेसिबल चालेल, पण त्यात लोखंडी इंजिनाच्या गाड्याही घ्या. आणि नियमात हेही लिहा: कोणताही पाइप असो, पहाटे सोसायटीत गाडी चालू करायची नाही. बंद गाडी गेटबाहेर, मोठ्या रस्त्यापर्यंत ढकलत न्यायची आणि तिथेच गरम करायची. कंपनीच्या सायलेन्सरवाल्यांनीसुद्धा.

घाटवाट
हे पहिल्या क्रमांकावर घेतो.