दुधीची फुलं सकाळी कोमेजलेली

गच्चीवर मोठ्या कुंडीत दुधीचा वेल लावलाय. उन्हाळा सुरू झाल्यापासून भराभर वाढला, माझ्या डोक्याच्या वर गेला. पांढरी फुलंही येतायत, पण सकाळी पाणी घालायला जाते तेव्हा ती चुरगळलेल्या टिशू पेपरसारखी लोंबत असतात. दुसऱ्या दिवशी देठासकट खाली. फळ एकही नाही. पाणी कमी पडतंय का? दुपारी पानंही माना टाकतात.

प्रतिसाद १
पानं संध्याकाळी आपोआप ताठ होत असतील तर तो फक्त उन्हाचा ताण. दुपारी बघून घाबरून पाणी ओतू नका, मी तसंच करून एक वेल मुळापासून कुजवलाय. बोट दोन पेरं मातीत घाला, कोरडं लागलं तरच पाणी.

प्रतिसाद २
दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं, तुम्ही शिळं फूल बघताय! फुलामागे बोटाएवढा लव असलेला दुधी दिसतो का? नुसता लांब बारीक देठ असेल तर ते नर फूल, ते गळणारच. सुरुवातीला बहुतेक नरच येतात. शेंडा खुडा, बाजूच्या फांद्यांवर मादी फुलं जास्त धरतात.

मूळ प्रश्नकर्ती
काल सात वाजता बॅटरी घेऊन गेले. नऊ फुलं, आठ नर! नवव्यामागे इवलासा दुधी, अगदी लोकरी. नर फूल तोडून, पाकळ्या मागे सारून त्याचे परागकण त्या मादी फुलावर फिरवले. एक पतंगही घिरट्या घालत होता, त्याचं काम मी हिसकावलं बहुतेक. शेंडा खुडायचं धाडस अजून होत नाहीये.