मदत हवी आहे: मुलीला फॅशनमध्ये जायचंय, पण तिची ओढ चित्रांकडे नाही, कापाकडे आहे (सांगली)

नमस्कार. आम्ही सांगलीत गावभागात राहतो. मी घरी ब्लाउज आणि ड्रेस शिवते, २१ वर्षं झाली. मुलगी यंदा बारावी सायन्सला आहे आणि तिला फॅशनमध्येच जायचंय. आमच्या घरात यातलं कुणालाच काही ठाऊक नाही, म्हणून इथं विचारतेय.

आधी तिच्याबद्दल सांगते, म्हणजे सल्ला नेमका मिळेल. २०१९ च्या पुरात घरात पाणी शिरलं. मशिन माळ्यावर चढवलं म्हणून वाचलं, पण खाकी कागदाचे सगळे फर्मे (कापड कापायचे नमुने) भिजून लगदा झाले. ही तेव्हा सहावीत होती. माझ्याशेजारी बसून तिनं ३२ पासून ४० पर्यंतचे फर्मे नव्यानं आखायला मदत केली. तेव्हापासून तिला तोच नाद आहे.

मागच्या महिन्यात एक काकू तक्रार घेऊन आल्या, हात वर केला की ब्लाउजही वर सरकतो म्हणाल्या. मी नेहमीप्रमाणे मुंढा (बाही जोडायचा काखेचा गोल) आणखी खोल करायला निघाले होते. ही म्हणाली, "आई, मुंढा खोल झालाय म्हणूनच बाही सगळा ब्लाउज ओढतेय. पुढच्या ब्लाउजला मुंढा वर घे आणि बाहीला काखेत रुंदी दे." तसं कापलं. काकूंनी आरशासमोर दोन्ही हात वर करून अंबाडा बांधला, ब्लाउज जागचा हलला नाही. इतकी वर्षं शिवतेय, मला हे सुचलं नव्हतं.

पण जिथं चौकशी करावी तिथं पहिला प्रश्न, "स्केचिंग कसं आहे?" ते तिचं बेताचंच आहे, आणि ती खचत चाललीय. इथल्या एका क्लासमध्ये वर्षाच्या डिप्लोमाचे दीड लाख सांगितले, नोकरी नक्की म्हणाले आणि आजच ॲडव्हान्स भरा म्हणून मागं लागले. मी उठून आले. मिस्टर हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहितात. त्यांचं म्हणणं, शिवण घरात शिकता येते, त्याला चार वर्षांची डिग्री कशाला? त्यांना काळजी पैशांची आहे, ते मला कळतं.

चित्रकला बेताची असलेल्या मुलीला या क्षेत्रात शिक्षणाची वाट आहे का? आणि फॉर्म कधी भरायचे?

प्रतिसाद

ताई, मी इचलकरंजीची, गारमेंट कंपनीत पॅटर्न विभागात काम करते. तुमची मुलगी जे करतेय त्याला आमच्याकडे पॅटर्न मेकिंग (फर्मा आखणं) आणि ग्रेडिंग (तोच फर्मा लहानमोठ्या मापांत करणं) म्हणतात. डिझायनरनं कितीही सुंदर चित्र काढलं तरी ते अंगावर बसवतो तो पॅटर्नवालाच.

निफ्टमध्ये, म्हणजे सरकारी फॅशन संस्थेत, दोन वाटा आहेत. बी.डिझ.ला, म्हणजे डिझाइनच्या डिग्रीला, कोणतीही शाखा चालते, पण तिथं हातानं रेखाटायचा पेपर असतो, पुढे सिच्युएशन टेस्टमध्ये दिलेल्या साहित्यातून वस्तू बनवून दाखवायची असते. दुसरी वाट बी.एफ.टेक., म्हणजे कपड्यांचं उत्पादन. त्याला चित्रांचा पेपर नाही, मात्र बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित लागतं. तिचं गणित आहे का? मुंबईचं केंद्र खारघरला आहे. फॉर्म आणि लेखी प्रवेशपरीक्षा बारावीच्या बोर्डाच्या आधीच उरकतात. निकालाची वाट बघत बसलात तर वर्ष गेलं, हे आधी लक्षात घ्या.

घराजवळ हवं तर इचलकरंजीचं डीकेटीई कॉलेज आहे, १९८२ पासूनचं. तिथं टेक्स्टाइल आणि फॅशन टेक्नॉलॉजीला सीईटीतून प्रवेश मिळतो. पैशांचं फारच अवघड असेल तर शासकीय आयटीआयमध्ये ड्रेस मेकिंग, सुईंग टेक्नॉलॉजी असे वर्षाचे ट्रेड असतात. क्लासवाल्यांना मात्र पहिल्यांदा विचारायचं, सर्टिफिकेट कुणाचं? तिथं बोलणं फिरवलं तर पुढं चर्चाच नको. आणि स्केचिंगवरून मुलीला खचू देऊ नका.

धागाकर्ती

ताई, गणित आहे! अकरावीत सोडते म्हणत होती, मीच नको म्हटलं होतं. तुमचा प्रतिसाद मिस्टरांना मोठ्यानं वाचून दाखवला. दोनदा वाचायला लावला त्यांनी. फॉर्मची तारीख आज रात्रीच बघतो. एक विचारू? एखाद्या रविवारी तिला घेऊन इचलकरंजीला आले तर पॅटर्न विभागाचं काम लांबून का होईना, बघायला मिळेल का? तिनं आखलेले फर्मे सोबत आणते.